पंख्याची घरघर

जून-जुलैत गोव्यात वीज जाणं ही काही बातमी नव्हे. माडाची एखादी झावळ तारेवर पडायचा अवकाश, गाव अंधारात. पण अंधाराच्याही आधी जाणवते ती शांतता. छताचा पंखा थांबतो, फ्रिज गप्प होतो, आणि बाहेरचा पाऊस एकदम जवळ येतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका रात्री माझ्या लक्षात आलं, की शेजारच्या खोलीतून येणारी घरघरही थांबली आहे. भाचा सुट्टीत आमच्याकडे होता आणि बरोबर त्याने आपला प्लेस्टेशन ४ आणला होता. त्या खोक्यातून रात्री अकरानंतर जो आवाज निघे, त्याला आई 'विमान' म्हणायची. "उतरलं का रे बाबू तुझं विमान?" हा तिचा रोजचा प्रश्न. त्या दिवशी विमान वीज गेल्यामुळे उतरलं होतं.

आईने सहज दिलेलं हे नाव जगभरातल्या लाखो घरांत वेगवेगळ्या भाषांत दिलं गेलेलं आहे, हे मला नंतर समजलं. कुठे जेट इंजिन, कुठे केस वाळवायचं यंत्र, कुठे व्हॅक्युम क्लीनर. खेळण्याच्या पेटीतल्या पंख्याचा आवाज हा विषय तसा क्षुल्लक वाटतो. पण या आवाजाच्या मागे लागलात तर एक चांगला चाळीस वर्षांचा इतिहास हाती लागतो. त्यात एका कंपनीचे शंभर कोटी डॉलर्सहून अधिक पैसे बुडालेले दिसतात, आणि रात्री मुलाच्या खोलीत डोकावणारी आईसुद्धा दिसते. तो इतिहास जमेल तसा मांडतो.

सुरुवातीला पंखा नव्हताच. १९७७ च्या अटारीत नव्हता, १९८३ साली जपानात आलेल्या निन्टेंडोच्या फॅमिकॉममध्ये नव्हता. माझ्या पिढीतल्या ज्यांनी नव्वदच्या दशकात 'टीव्ही गेम' खेळला, त्यांच्या हातात खरा फॅमिकॉम क्वचितच आला असेल. बाजारात मिळायच्या त्या बहुतेक त्याच्या नकला. त्यांना आपण 'कॅसेटवाला गेम' म्हणत असू. कॅसेट चालली नाही की काढायची, तोंडाने फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. म्हणजे त्या काळी खेळाच्या पेटीला हवा लागायची ती एवढीच, आणि तीही आपल्या फुफ्फुसातली! (त्या फुंकरीने कॅसेटच्या पितळी दातांना ओल लागून उलट गंज चढायचा. आपल्याकडच्या दमट हवेत तर विचारूच नका.)

त्या यंत्राला पंखा लागत नव्हता, कारण त्याच्या मेंदूची धाव सेकंदाला जेमतेम १७ लाख ९० हजार ठोक्यांची होती. सगळी पेटी मिळून घरातल्या शून्य नंबरच्या दिव्याइतकी वीज खायची. एवढी उष्णता प्लॅस्टिकच्या कवचातून, खालच्या-वरच्या फटींतून आपोआप निघून जाते. १९९४ च्या पहिल्या प्लेस्टेशनची धाव साधारण तीन कोटी चाळीस लाख ठोके. तिथेही पंखा नाही. मात्र उष्णतेने पहिला इशारा दिला तो इथे. सुरुवातीच्या प्लेस्टेशनमध्ये सीडी वाचणारा भाग विजेच्या भागाच्या शेजारी बसवलेला होता. उष्णतेने त्यातलं प्लॅस्टिक हळूहळू वाकडं व्हायचं आणि चित्रफीत अडखळायला लागायची. लोकांनी यावर स्वतःच उपाय शोधला. पेटी उलटी करून खेळायचं! पोट वर, पाठ खाली. पुढच्या आवृत्त्यांत सोनीने तो भाग विजेपासून दूर हलवला. १९९६ च्या निन्टेंडो ६४ नेही नुसत्या धातूच्या पत्र्यांवर निभावून नेलं.

मग २००० च्या आसपास चित्र पालटलं. सेगाचा ड्रीमकास्ट नोव्हेंबर १९९८ मध्ये जपानात आला, तो पंखा घेऊनच. त्याच्या अगदी सुरुवातीच्या जपानी संचांत उष्णता वाहून नेणारी द्रवभरली नळीही होती, पुढे ती काढून साधा धातूचा ठोकळा आणि पंखा एवढंच ठेवलं. मार्च २००० मध्ये प्लेस्टेशन २ आला. त्याची धाव एकोणतीस कोटींच्या वर, आणि पाठीमागे एक पंखा. इथून पुढे दिवाणखान्यात बसणाऱ्या प्रत्येक मोठ्या खेळपेटीला पंखा आला तो कायमचाच. प्लेस्टेशन २ चा पंखाही कुरकुरायचा, आणि २००३ सालच्या त्याच्या आवृत्तीत सोनीने मुद्दाम कमी आवाजाचा पंखा बसवला. म्हणजे आवाज ही तक्रार कंपन्यांच्या कानावर तेव्हाच गेलेली होती.

इथे थोडं शास्त्र सांगायला हवं, नाहीतर पुढची भानगड कळणार नाही. चिपमधून निघणारी उष्णता तिच्या धावेबरोबर वाढते, आणि विजेच्या दाबाच्या तर वर्गाच्या प्रमाणात वाढते. दाब थोडासा वाढवला तरी ताप बराच वाढतो. ही सगळी आग अंगठ्याच्या नखाएवढ्या चकतीत पेटते. तिथून ती आधी तांब्या-ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या ठोकळ्यात न्यायची आणि मग हवेने उडवून लावायची. हवा जास्त हवी तर पंखा जोरात फिरवा. पण पंख्याचा हिशेब मोठा क्रूर आहे. फेऱ्या दुप्पट केल्या तर हवा दुप्पट होते, त्यासाठी लागणारी वीज आठपट होते, आणि आवाज सुमारे पंधरा डेसिबलने चढतो. दहा डेसिबल वाढले की आपल्या कानाला आवाज जवळजवळ दुप्पट वाटतो, म्हणजे पंधरा ही गंमत नव्हे. रात्रीची शांत खोली तीसेक डेसिबलची असते, तिथे चाळीस-पन्नास डेसिबलची घरघर कान खाते.

यावर सरळ उपाय म्हणजे मोठा पंखा सावकाश फिरवायचा. आपल्या छताचा पंखा एवढी हवा देऊनही झोपू देतो, आणि तळहाताएवढा टेबलावरचा पंखा कानाशी माशीसारखा भुणभुणतो, ते याचमुळे. पण मोठ्या पंख्याला मोठी पेटी लागते, आणि मोठी पेटी दिवाणखान्यात कुणाला नको असते. आकार, आवाज आणि ताप, या तिघांपैकी दोघांनाच खूश करता येतं. तिसरा रुसतो. आता हे रुसणं किती महागात पडलं ते बघा.

मायक्रोसॉफ्टचा पहिला एक्सबॉक्स २००१ साली आला. अंगाने धिप्पाड, आत पेन्टियम आणि हार्ड डिस्क. जपानी ग्राहकांनी त्याच्या आकाराची भरपूर टिंगल केली. ती टिंगल कंपनीच्या जिव्हारी लागली असावी. कारण २२ नोव्हेंबर २००५ रोजी आलेला एक्सबॉक्स ३६० हा सडपातळ होता, बाजू आत ओढलेल्या, श्वास आत घेऊन उभा राहिलेल्या माणसासारखा. हा आकार ठरवण्यात अमेरिकेतल्या एका आणि ओसाकातल्या एका रचनासंस्थेचा हात होता. बाहेरून खरंच देखणं काम. पण आत काय होतं? आयबीएमने बनवलेला तीन गाभ्यांचा मेंदू, प्रत्येक गाभा सेकंदाला ३२० कोटी ठोके. शेजारी एटीआयची चित्र काढणारी चिप. सगळं मिळून दीडशे वॅटच्या वर वीज. विजेचा भाग पेटीत मावेना म्हणून तो विटेसारखा बाहेर ठेवला, आणि त्या विटेलाही तिचा स्वतःचा पंखा!

मुख्य मेंदूवर उंच ठोकळा बसला. चित्रांच्या चिपवर मात्र डीव्हीडी वाचणारा भाग होता, त्यामुळे तिच्या वाट्याला बुटका ठोकळा आला. पाठीला दोन छोटे पंखे शेजारी-शेजारी, आणि त्यांची हवा या बुटक्या ठोकळ्यावरून जेमतेम सरकायची. दोन छोटे पंखे जोरात म्हणजे आवाज आलाच. त्यात भर डीव्हीडीची. बारापट वेगाने फिरणारी ती तबकडी पंख्याच्या वरताण गुरगुरायची. म्हणजे आवाज सोसूनही ताप पुरता जात नव्हता.

आणि मग पेट्या मरायला लागल्या. एक्सबॉक्स ३६० च्या तोंडावर चार तुकड्यांचं एक हिरवं वर्तुळ होतं. यंत्रात मोठा बिघाड झाला की त्यातले तीन तुकडे लाल होऊन लुकलुकायचे. याला लोकांनी 'मरणाचं लाल कडं' असं नाव दिलं, आणि हे कडं घरोघर दिसायला लागलं. दुरुस्तीसाठी पाठवायचं, परत आलेलं काही महिन्यांत पुन्हा लाल. त्या काळात एक अघोरी उपाय गाजला होता. पेटी दोन-तीन टॉवेलांत घट्ट गुंडाळायची आणि चालू करून ठेवायची. हवा कोंडून ती भट्टीसारखी तापायची, आणि कधीकधी खरंच जिवंत व्हायची! म्हणजे तापाने मेलेल्याला आणखी ताप देऊन उठवायचं. ती चार-आठ दिवस चालायची, मग कायमची झोपायची.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. चिप आणि तिच्या खालचा पट्टा, पट्टा आणि मुख्य पाटी, यांना जोडणारे सोल्डरचे असंख्य बारीक थेंब असतात. यंत्र तापलं की हे सगळे थर प्रसरण पावतात, निवलं की आकुंचन पावतात, पण प्रत्येकाचं प्रसरण वेगळं. दर वेळी त्या थेंबांना थोडी पीळ बसते. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तसा एक दिवस थेंब तडकतो. टॉवेलाच्या तापाने तडा क्षणभर सांधला जातो, एवढंच. त्याच सुमारास, जुलै २००६ पासून, युरोपात इलेक्ट्रॉनिक वस्तूंतून शिसं हद्दपार करण्याचा नियम लागू झाला होता. शिशाविना केलेलं सोल्डर अधिक ताठ, कमी लवचीक. त्यामुळे बराच काळ सगळा दोष पाटीवरच्या बिनशिशाच्या सोल्डरवर टाकला गेला. मायक्रोसॉफ्टने स्वतः २०२१ मध्ये एक्सबॉक्सच्या इतिहासावर माहितीपट काढला. त्यात त्यांच्या अभियंत्यांनी सांगितलं की तुटत होते ते चिपच्या आतले जोड, आणि ते तुटत होते गरम-थंड होण्याच्या चक्रामुळे. यंत्र नुसतं तापलेलं राहतं तर कदाचित टिकलं असतं. लोक चालू करत, बंद करत, पुन्हा चालू करत. खेळणारा माणूस दुसरं काय करणार?

५ जुलै २००७ रोजी मायक्रोसॉफ्टने या बिघाडासाठी तीन वर्षांची हमी जाहीर केली आणि त्यापोटी शंभर कोटी डॉलर्सहून अधिक रक्कम बाजूला काढत असल्याचं सांगितलं. त्या विभागाचे तेव्हाचे प्रमुख पीटर मूर यांनी पुढे सांगितलेली हकिगत अशी, की एकशे पंधरा कोटी डॉलर्सचा आकडा घेऊन ते स्टीव्ह बामर यांच्यासमोर थरथरत गेले, आणि बामरनी जास्त काही न विचारता करून टाका म्हणून सांगितलं. या पैशांतले कितीतरी नुसते खोकी कुरियरने आणण्या-नेण्यात गेले. भारतात हा एक्सबॉक्स ३६० सप्टेंबर २००६ मध्ये आला होता, म्हणजे आपल्याकडच्या हौशी मंडळींनाही लाल कड्याचं दर्शन घडलं. मुंबई-पुण्याहून गोव्यात आलेल्या अशा पेट्या मी पाहिल्या आहेत. एकीवर भावाने चक्क झेंडूचं फूल वाहिलं होतं!

दुरुस्ती मात्र हळूहळू, शांतपणे झाली. चित्रांच्या चिपला नळी लावून दुसरा छोटा ठोकळा जोडला. पुढच्या आवृत्त्यांत चिप अधिक बारीक रेषांवर छापल्या, त्यामुळे त्या कमी वीज खायला लागल्या. नोव्हेंबर २००८ च्या सुधारणेत खेळ हार्ड डिस्कवर उतरवून ठेवायची सोय आली, त्यामुळे तबकडीची गुरगुर थांबली. आवाज कमी करण्याचा हा मला सर्वात हुशार उपाय वाटतो, कारण त्यात एक स्क्रूही हलवावा लागला नाही. आणि जून २०१० मध्ये आलेल्या छोट्या आवृत्तीत दोन्ही चिप एकाच चकतीवर आणून, दोन छोट्या पंख्यांच्या जागी एकच मोठा पंखा बसवला. साडेचार वर्षांनी छताच्या पंख्याचं शहाणपण सुचलं, असं म्हणायला हरकत नाही.

सोनीने हे शहाणपण आधीच दाखवलं होतं. नोव्हेंबर २००६ मधला प्लेस्टेशन ३ हा पाच किलोचा अवाढव्य ठोकळा. विजेचा भाग पोटातच, आणि त्याखाली सोळा सेंटिमीटरच्या आसपास व्यासाचा पंखा. सुरुवातीला तो खरोखर शांत असायचा. (अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने २०१० मध्ये असे सतराशेहून अधिक प्लेस्टेशन ३ जोडून एक महासंगणक बनवला होता. सतराशे पंखे एका खोलीत! तिथे कुणाच्या आईने काय विचारलं असेल?) पण दोन-तीन वर्षांत चिप आणि ठोकळा यांच्यामधला थर्मल पेस्टचा लेप सुकायचा, पात्यांत धूळ बसायची, आणि मग तोच शांत पंखा बोंबलायला लागायचा. वयानुसार आवाज वाढतो ही माणसांची खोड यंत्रांनाही लागलेली आहे.

त्याच महिन्यात निन्टेंडोने वी आणला, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वात सुंदर प्रसंग त्याच्या जन्माचा आहे. निन्टेंडोचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांना असं यंत्र हवं होतं की जे रात्री बंद दिसेल, पण आतून जागं राहून इंटरनेटवरून नवं काहीबाही उतरवून घेईल. सकाळी मूल उठलं की पेटीत काहीतरी नवीन. कल्पना छान, पण जागं राहायचं म्हणजे तापायचं, आणि तापायचं म्हणजे पंखा फिरायचा. इवातांनी आपल्या अभियंत्यांना बजावलं, की रात्री पंखा फिरता कामा नये. कारण? रात्री घरघर ऐकू आली तर आई येऊन प्लग काढून टाकेल! कंपनीच्या अध्यक्षाने चिपची रचना ठरवताना आईचा विचार केला, हे मला फार आवडलं. इतर दोघे शक्तीच्या मागे धावत असताना निन्टेंडोने मुद्दाम कमी वीज खाणाऱ्या चिप घेतल्या. पेटी तीन डीव्हीडीच्या डब्यांएवढी झाली आणि रात्री पंखा थांबला. त्या झोपलेल्या अवस्थेतही वी हाताला कोमट लागायचा, पण आवाज नाही. इवाता जुलै २०१५ मध्ये गेले.

आता आमच्या घरच्या विमानाकडे येतो.

लाल कड्याने पोळलेल्या मायक्रोसॉफ्टने २०१३ चा एक्सबॉक्स वन इतका ऐसपैस केला की जुन्या व्हिडिओ कॅसेट प्लेअरची आठवण यावी. वर मोठा पंखा, वीज पुन्हा बाहेरच्या विटेत. दिसायला ओबडधोबड, पण आवाज जवळजवळ नाहीच. सोनीने त्याच महिन्यात नेमकं उलट केलं. प्लेस्टेशन ४ सडपातळ, तिरका, देखणा, विजेचा भाग पोटातच. आकार जिंकला आणि आवाज रुसला. नोव्हेंबर २०१६ मध्ये अधिक शक्तीचा प्रो आला, आणि एप्रिल २०१८ मध्ये 'गॉड ऑफ वॉर' हा खेळ आला तेव्हा तर प्रो अक्षरशः उड्डाण करायला लागला. त्या वर्षाअखेरी सोनीने प्रोची जरा शांत आवृत्ती काढली, पण ती फारशी जाहिरात न करता. कुठली पेटी शांत हे खोक्यावरचा आकडा वाचून ओळखावं लागे.

पण एकच यंत्र, एकाच खेळात, कधी शांत आणि कधी विमान असं का? भाच्याचं निरीक्षण असं होतं, की लढाई चालू असताना आवाज कमी आणि नुसता नकाशा उघडला की जास्त. मला वाटलं पोराचा भ्रम. तो भ्रम नव्हता. प्लेस्टेशनची रचना करणारे मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मधल्या आपल्या व्याख्यानात हेच सांगितलं, तेही स्वतःच्या घरच्या प्रोबद्दल! 'होरायझन' या खेळाचा नकाशा उघडला की त्यांची पेटी तापते. त्यांचा तर्क असा, की गुंतागुंतीचं दृश्य काढताना चिपचे काही भाग इतरांची वाट बघत थांबतात, तर साध्या नकाशात कुणाला थांबावंच लागत नाही, सगळेच एकदम राबतात. लग्नघरात पंगत बसलेली असताना वाढप्यांची एकमेकांत अडखळत धावपळ चालते. अंगण रिकामं असेल तर तेच वाढपी सुसाट पळतील, आणि घामाघूमही जास्त होतील. तसंच हे.

सर्नींचा खरा मुद्दा पुढचा होता. यंत्र बनवताना, चार-पाच वर्षांनी येणारा एखादा खेळ किती वीज खाईल याचा अभियंत्यांना नुसता अंदाज बांधावा लागतो. त्या अंदाजावर पंखा आणि ठोकळा ठरतो. अंदाज चुकला की पंखा किंचाळतो, फारच चुकला की यंत्र स्वतःला बंद करून घेतं. म्हणजे आमच्या घरातली घरघर हा २०१२-१३ च्या सुमारास कुणीतरी बांधलेला आणि चुकलेला अंदाज होता! प्लेस्टेशन ५ मध्ये सोनीने हा हिशेबच उलटा केला. विजेचा खर्च ठरावीक ठेवायचा, आणि काम फार जड झालं तर चिपची धाव किंचित कमी करायची. पगार ठरलेला असला की घरखर्च बसवता येतो, तसा उष्णतेचा आकडा आधीच ठाऊक असला की पंखा बेतून घेता येतो.

७ ऑक्टोबर २०२० रोजी सोनीचे अभियंते यासुहिरो ओतोरी यांनी हातमोजे घालून प्लेस्टेशन ५ कॅमेऱ्यासमोर उघडून दाखवला. एकही भपकेदार शब्द नाही, नुसता पेचकस. ते दृश्य मी दोनदा पाहिलं. १२ सेंटिमीटर व्यासाचा, ४५ मिलिमीटर जाडीचा, दोन्ही बाजूंनी हवा ओढणारा पंखा. जवळजवळ अर्धी पेटी अडवणारा धातूचा ठोकळा. धूळ जमा करणारे दोन कप्पे, ज्यांच्या छिद्रांतून ती व्हॅक्युम क्लीनरने ओढून घेता येते. आणि सुकणाऱ्या लेपाऐवजी चिपवर चक्क द्रवरूप धातू. अशा मिश्रणात सहसा गॅलियम असतं. ते उष्णता उत्तम वाहतं, पण वीजही वाहतं, आणि ॲल्युमिनियमला तर खाऊन टाकतं. एक थेंब बाहेर सांडला तर पाटी खलास. म्हणून या एका बदलाच्या तयारीला त्यांना दोन वर्षांहून अधिक काळ लागला. पेटी राक्षसी आकाराची झाली, त्यावर विनोद झाले, पण ती बोलत नाही. मायक्रोसॉफ्टनेही त्या वर्षी तेच केलं. सिरीज एक्स हा उभा खांब, डोक्यावर १३ सेंटिमीटरचा एकच पंखा, खालून हवा घ्यायची आणि धुराड्यासारखी वर सोडायची. दोघांनीही शेवटी आकाराला रुसू दिलं.

प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आला, पण भाच्याकडे होता तो जुना विमानवालाच. तो आम्ही मडगावात एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याआधी एका दुकानाने 'पंखा बदलावा लागेल' म्हणून तीन हजार सांगितले होते. या माणसाने काही न बोलता पेटी उघडली. आत करड्या रंगाचा नमद्यासारखा थर, पात्यांच्या फटीफटीत. कोरड्या प्रदेशात धूळ ही धूळच असते, फुंकरीने उडते. आपल्याकडे ती चार महिने दमट हवेत भिजते, समुद्राचं मीठ घेते आणि घट्ट बसते. त्या थरात दोन मेलेल्या मुंग्या आणि पालीचं एक अंडंही होतं. उबदार, अंधारी, कोरडी जागा म्हटल्यावर पालीचं तरी काय चुकलं? त्याने ब्रशने सगळं खरवडलं, चिपवरचा वाळलेला लेप स्पिरिटने पुसला, नवा लावला. पंखा तोच ठेवला. "पंखा बरा आसा," एवढंच म्हणाला. सहाशे रुपये घेतले.

घरी आणून चालू केला तेव्हा भाच्याने मुद्दाम तो नकाशा उघडून ठेवला, आणि आम्ही सगळे कान देऊन बसलो. पंधरा मिनिटांनी आतून हलकी कुजबुज सुरू झाली. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "वीज गेली की काय रे?"